महाविद्यालयीन फुटबॉलमधील गुप्त मोबदला (अमेरिका)

अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉल संघांत होतकरू खेळाडूंनी प्रवेश घ्यावा यासाठी त्यांना, त्यांच्या पालकांना किंवा त्यांच्या शालेय प्रशिक्षकांना नियम डावलून पैसा, मोटारगाडी, घर वा अन्य लाभ देण्याचा प्रकार सुमारे शंभर वर्षे चालू होता. असे व्यवहार क्वचितच सिद्ध झाले. संशय मात्र जवळजवळ प्रत्येक मोठ्या संघावर घेतला गेला. या प्रकारातील सर्वांत गाजलेले प्रकरण टेक्सास राज्यातील डॅलस येथील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचे असून त्यात १९८७ साली विद्यापीठाचा संपूर्ण फुटबॉल हंगाम रद्द करण्यात आला. २०२१ पासून नियम टप्प्याटप्प्याने बदलले आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना उघडपणे पैसे देऊ लागली.

या लेखात 'फुटबॉल' हा शब्द अमेरिकी फुटबॉल या अर्थाने वापरला आहे. लंबगोल चेंडू, शिरस्त्राण आणि धडक यांचा हा खेळ नागपूर-कामठीच्या मैदानांवर खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलहून अगदी वेगळा आहे.

खेळाचे स्वरूप व अर्थकारण

भारतात आंतरमहाविद्यालयीन सामने पाहायला बहुधा स्पर्धकांचे मित्र आणि क्रीडाशिक्षक एवढेच प्रेक्षक असतात. अमेरिकेतील स्थिती इतकी निराळी आहे की ती लक्षात घेतल्याशिवाय हा विषय कळत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानाची आसनक्षमता एक लाख सात हजारांहून अधिक आहे, म्हणजे नागपूरजवळच्या जामठा येथील क्रिकेट मैदानाच्या दुपटीपेक्षा जास्त. शनिवारी होणारे सामने राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर दाखवले जातात. अनेक राज्यांत सरकारी तिजोरीतून वा सरकारी संस्थेतून सर्वाधिक वेतन घेणारी व्यक्ती राज्यपाल वा न्यायाधीश नसून विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक असते.

इतका पैसा निर्माण करणाऱ्या खेळात खेळाडूला मात्र दीर्घकाळ केवळ शिष्यवृत्ती मिळत असे. शिकवणी शुल्क, निवास, भोजन आणि पुस्तके यांपलीकडे काही घेणे हा नियमभंग होता. व्यावसायिक संघात जाण्यासाठी शालेय शिक्षणानंतर काही वर्षे थांबावे लागत असल्याने विद्यापीठ हाच एकमेव रस्ता उरे. खेळाडूची बाजारातील किंमत आणि त्याला मिळणारा कायदेशीर मोबदला यांच्यात पडलेल्या या दरीतून गुप्त व्यवहारांचा उगम झाला.

हौशीपणाचा नियम

महाविद्यालयीन खेळ हौशी असावा ही कल्पना अमेरिकेने इंग्लंडमधील उच्चवर्गीय विद्यापीठांकडून घेतली, पण ती आचरणात कधीच पूर्णपणे आली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी येल विद्यापीठाचा कर्णधार जेम्स होगन याला आलिशान खोली, क्यूबाची सहल आणि न्यू हेवन शहरात विकल्या जाणाऱ्या एका कंपनीच्या सिगारेटींवर दलाली मिळत असे. १९०५ साली एका मासिकाने ही माहिती छापली. त्याच वर्षी मैदानावर झालेल्या मृत्यूंमुळे खेळावर बंदी घालण्याची मागणी झाली, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले आणि १९०६ मध्ये एक नियामक संघटना स्थापन झाली. हीच पुढे १९१० पासून नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन (एनसीएए) या नावाने ओळखली जाऊ लागली.

१९२९ च्या ऑक्टोबरमध्ये कार्नेगी प्रतिष्ठानने महाविद्यालयीन खेळांविषयी सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. शंभराहून अधिक संस्थांची पाहणी करून त्याने असा निष्कर्ष काढला की बहुसंख्य संस्था खेळाडूंना कोणत्या ना कोणत्या रूपाने आर्थिक साहाय्य देतात. त्याच आठवड्यात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळल्याने अहवालाची चर्चा मागे पडली. १९४८ साली एनसीएएने कडक आचारसंहिता आणली. सात संस्थांनी ती पाळत नसल्याचे मान्य केले, पण त्यांना काढून टाकण्यासाठी आवश्यक तेवढी मते पडली नाहीत आणि १९५१ पर्यंत ती संहिता मोडीत निघाली. १९५६ पासून खेळातील गुणवत्तेवर पूर्ण शिष्यवृत्ती देण्यास मान्यता मिळाली. म्हणजे खेळासाठी मोबदला द्यायचा हे तत्त्व मान्य झाले, केवळ त्याची कमाल मर्यादा संस्थांनी आपसांत ठरवून घेतली.

याच काळात 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्दप्रयोग रूढ झाला. १९५१ ते १९८७ या प्रदीर्घ काळात एनसीएएचे कार्यकारी संचालक असलेले वॉल्टर बायर्स यांनी पुढे आपल्या पुस्तकात मान्य केले की, जखमी खेळाडूंनी कामगार म्हणून नुकसानभरपाई मागू नये यासाठी हा शब्द घडवण्यात आला होता. ज्या व्यवस्थेचे त्यांनी जन्मभर रक्षण केले तिच्यावरच निवृत्तीनंतर त्यांनी कठोर टीका केली.

भरतीची रीत

शाळेच्या शेवटच्या वर्षातील खेळाडूला आपल्या विद्यापीठाकडे वळवण्याच्या प्रक्रियेस भरती म्हणतात. प्रशिक्षक खेळाडूच्या घरी जातात, आईवडिलांशी बोलतात, त्याला विद्यापीठ दाखवायला नेतात. ठरलेल्या दिवशी खेळाडू करारपत्रावर सही करतो. फेब्रुवारीतील हा सहीचा दिवस कित्येक वर्षे एखाद्या सणासारखा साजरा होत असे. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा टेबलावर मांडलेल्या टोप्यांपैकी एक उचलून डोक्यावर घालतो आणि हजारो प्रौढ माणसे त्या निवडीवर आनंद वा संताप व्यक्त करतात, हे दृश्य परक्या माणसाला काहीसे चमत्कारिक वाटते.

गुप्त व्यवहारांत प्रशिक्षक सहसा स्वतः पैसे देत नसे. ते काम 'बूस्टर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या श्रीमंत समर्थकांचे. हे लोक माजी विद्यार्थी, तेलविहिरींचे मालक, मोटारविक्रेते वा बांधकाम व्यावसायिक असत. सामना संपल्यावर हस्तांदोलन करताना खेळाडूच्या तळहातात नोट सरकवणे, सुट्टीत न केलेल्या कामाचा पगार देणे, मोटार 'भाड्याने' देणे, पालकांना दुसऱ्या गावी घर व नोकरी मिळवून देणे या त्यांच्या प्रचलित युक्त्या होत्या. रोख रक्कम हातोहात दिली जात असल्याने मागे कागद उरत नसे.

तपासाची मुख्य अडचण इथेच होती. एनसीएए ही खासगी संघटना आहे. तिला न्यायालयाप्रमाणे साक्षीदारास बोलावण्याचा वा बँकेचे खाते तपासण्याचा अधिकार नाही. संस्थेचे कर्मचारी आणि विद्यमान खेळाडू यांना सहकार्य करावे लागे, पण संघ सोडून गेलेला खेळाडू किंवा बाहेरचा देणगीदार गप्प बसला तर संघटना काहीही करू शकत नसे. त्यामुळे बहुतेक प्रकरणे प्रतिस्पर्धी संघाची तक्रार, नाराज खेळाडूची कबुली किंवा पत्रकाराचा पाठपुरावा यांतूनच बाहेर आली. ज्याच्याविरुद्ध कोणी बोलले नाही तो निर्दोष ठरला.

सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचे प्रकरण

सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ ही मेथडिस्ट चर्चशी संलग्न खासगी संस्था १९११ साली स्थापन झाली. तिचा विद्यार्थी डोक वॉकर याने १९४८ मध्ये हाइझमन करंडक, म्हणजे वर्षातील सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूस मिळणारा सन्मान, पटकावला होता. त्यानंतर मात्र संघ मागे पडला. टेक्सास विद्यापीठ आणि टेक्सास ए अँड एम यांसारख्या प्रचंड सरकारी विद्यापीठांशी एका लहान खासगी संस्थेला स्पर्धा करायची होती. सत्तरच्या दशकात तेल आणि जमिनीच्या व्यवहारांतून डॅलस शहरात अमाप संपत्ती आली आणि तेथील उद्योजकांना आपले विद्यापीठ जिंकलेले पाहायचे होते. साउथवेस्ट कॉन्फरन्स या ज्या प्रादेशिक गटात हा संघ खेळे, त्यातील नऊपैकी आठ संस्था एकाच राज्यातील होत्या. एकाच कार्यालयात शेजारी बसणारे सहकारी चार वेगवेगळ्या विद्यापीठांचे माजी विद्यार्थी असत, त्यामुळे शनिवारी हरलेल्यास सोमवारी टोमणे ऐकावे लागत.

१९७९ मध्ये प्रशिक्षक रॉन मायर यांनी एरिक डिकरसन आणि क्रेग जेम्स या दोन धावपटूंना संघात आणले. डिकरसन यांच्याकडे त्या काळात दिसलेली सोनेरी रंगाची ट्रान्स ॲम मोटार टेक्सासमध्ये दंतकथेचा विषय झाली. आजीने ती घेऊन दिली असे तेव्हा सांगण्यात आले, तर ती प्रतिस्पर्धी विद्यापीठाच्या समर्थकाकडून आली असा तर्क लोक करत. संघाची कामगिरी मात्र वादातीत होती. १९८१ ते १९८४ या चार हंगामांत संघाने ४१ सामने जिंकले, ५ गमावले आणि १ बरोबरीत सोडवला. १९८२ मध्ये तो अपराजित राहिला आणि देशात दुसऱ्या क्रमांकावर होता. तोवर मायर व्यावसायिक संघाकडे गेले होते आणि बॉबी कॉलिन्स हे प्रशिक्षक झाले होते.

विद्यापीठावर यापूर्वीही अनेकदा कारवाई झाली होती. ऑगस्ट १९८५ मध्ये एनसीएएने पुन्हा तीन वर्षांची देखरेखीची शिक्षा ठोठावली आणि दोन वर्षांत मिळून ४५ शिष्यवृत्त्या कमी केल्या. पेनसिल्व्हेनियातील एका खेळाडूने दुसऱ्या विद्यापीठाला दिलेला शब्द मोडून डॅलसला यावे म्हणून त्याच्या कुटुंबाला ५,००० डॉलर दिल्याची बाब यात पुढे आली होती. त्याच उन्हाळ्यात संघटनेने नवा नियम संमत केला होता. त्यानुसार पाच वर्षांत दुसऱ्यांदा गंभीर नियमभंग करणाऱ्या संस्थेचा तो खेळच काही काळ बंद ठेवता येणार होता. वृत्तपत्रांनी या शिक्षेला 'मृत्युदंड' हे नाव दिले.

या टप्प्यावर विद्यापीठाच्या धुरीणांपुढे खरा पेच उभा राहिला. संघातील काही खेळाडूंना दरमहा पैसे देण्याचे वचन आधीच दिले गेले होते. पैसे बंद केले तर दुखावलेले खेळाडू बोलतील, चालू ठेवले तर नियमभंग पुन्हा होईल. नव्या खेळाडूंना काही द्यायचे नाही, पण जुन्यांना दिलेला शब्द ते पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत पाळायचा, असा मध्यममार्ग काढण्यात आला. वचनपालनाचे हे तर्कशास्त्र ऐकायला सभ्य वाटत असले तरी संस्थेला त्याची पुरेपूर किंमत मोजावी लागली.

१२ नोव्हेंबर १९८६ रोजी डॅलसच्या डब्ल्यूएफएए या दूरचित्रवाणी वाहिनीने संघातून बाहेर पडलेला खेळाडू डेव्हिड स्टॅन्ली याची मुलाखत प्रसारित केली. विद्यापीठात येण्यासाठी २५,००० डॉलर आणि नंतर दरमहा ठरावीक रक्कम मिळाल्याचे त्याने सांगितले. क्रीडा संपादक डेल हॅन्सन यांनी क्रीडा संचालक, प्रशिक्षक कॉलिन्स आणि भरतीचे काम पाहणारे साहाय्यक यांना एकत्र बसवून प्रश्न विचारले. स्टॅन्लीच्या घरी टपालाने आलेले एक पाकीट त्यांनी दाखवले आणि त्यावरील आद्याक्षरांबाबत साहाय्यकाने आधी होकार दिला, मग शब्द फिरवला. कॅमेऱ्यासमोर घडलेला हा क्षण कोणत्याही कागदी पुराव्यापेक्षा परिणामकारक ठरला. काही दिवसांतच दुसऱ्या एका खेळाडूला देणगीदाराच्या सदनिकेत बिनभाड्याने राहता येत असल्याची बातमी आली. विद्यापीठाचे अध्यक्ष, क्रीडा संचालक आणि प्रशिक्षक हे एकामागून एक पायउतार झाले.

चौकशीत आढळले की १९८५-८६ या शैक्षणिक वर्षात १३ खेळाडूंना एका देणगीदाराच्या निधीतून सुमारे ४७,००० डॉलर देण्यात आले आणि त्यांतील आठ जणांना सप्टेंबर ते डिसेंबर १९८६ या काळात आणखी सुमारे १४,००० डॉलर मिळाले. क्रीडा विभागातील काही अधिकाऱ्यांना हे ठाऊक होते. एकूण रक्कम ६१,००० डॉलर. एका खेळाडूच्या वाट्याला महिन्याला ५० पासून ७२५ डॉलरपर्यंत पैसे येत. मैदानावरील तिकिटांच्या आणि प्रक्षेपणाच्या उत्पन्नापुढे ही रक्कम अगदीच किरकोळ होती.

२५ फेब्रुवारी १९८७ रोजी एनसीएएचे अधिकारी डेव्हिड बर्स्ट यांनी विद्यापीठाच्या आवारातच पत्रकार परिषद घेऊन शिक्षा जाहीर केली. १९८७ चा हंगाम पूर्ण रद्द, १९८८ मध्ये घरच्या मैदानावर एकही सामना नाही, चार वर्षांत ५५ शिष्यवृत्त्यांची कपात आणि भरतीवर कडक निर्बंध असे तिचे स्वरूप होते. घोषणा संपताच बर्स्ट तेथेच भोवळ येऊन कोसळले. धड संघ उभा करता येणार नाही हे ओळखून विद्यापीठाने १९८८ चा हंगामही स्वतःहून रद्द केला.

प्रकरण एवढ्यावर थांबले नाही. विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष राहिलेले बिल क्लेमेंट्स नोव्हेंबर १९८६ मध्ये दुसऱ्यांदा टेक्सासचे राज्यपाल म्हणून निवडून आले होते. ३ मार्च १९८७ रोजी त्यांनी कबूल केले की १९८५ च्या शिक्षेनंतरही पैसे देणे चालू आहे हे त्यांना माहीत होते आणि ते हळूहळू बंद करण्याच्या निर्णयात त्यांचा सहभाग होता. चर्चच्या बिशपांच्या समितीने केलेल्या चौकशीचा अहवाल जून १९८७ मध्ये आला आणि निर्णय किती वरच्या पातळीवर झाले होते हे त्यातून उघड झाले. क्लेमेंट्स यांनी राज्यपालपदाची मुदत मात्र पूर्ण केली.

शिक्षेचे परिणाम

शिक्षा जाहीर होताच देशभरातील प्रशिक्षक डॅलसला आले आणि अपात्रतेचा नियम शिथिल केल्याने विद्यापीठाचे बहुतेक चांगले खेळाडू दुसरीकडे गेले. ज्यांना पैसे मिळालेच नव्हते अशा खेळाडूंचाही हंगाम गेला. पैसे देणाऱ्या देणगीदारावर यापूर्वीच संघाशी संबंध ठेवण्याची बंदी होती. ती अधिक कडक करण्यापलीकडे संघटना त्याचे काही बिघडवू शकली नाही.

१९८९ मध्ये संघ परत मैदानात उतरला तो बहुतांशी पहिल्या वर्षाच्या मुलांना घेऊन. त्या हंगामात ह्यूस्टन विद्यापीठाने त्यांचा ९५-२१ असा पराभव केला. पुढील वीस वर्षांत केवळ एका हंगामात, १९९७ मध्ये, विजयांची संख्या पराभवांहून अधिक राहिली. हंगामोत्तर सामना खेळण्यासाठी संघाला २००९ पर्यंत थांबावे लागले. साउथवेस्ट कॉन्फरन्समधील बहुतेक सदस्य त्या दशकात कोणत्या ना कोणत्या कारवाईस सामोरे गेले होते. १९९६ मध्ये तो गटच विसर्जित झाला. त्यामागे दूरचित्रवाणी हक्कांचे अर्थकारणही होते, तथापि परस्परांविरुद्ध तक्रारी करण्याच्या वृत्तीने गटाची पत घालवली हे नाकारता येत नाही. एनसीएएने त्यानंतर पहिल्या श्रेणीतील कोणत्याही फुटबॉल संघाला ही शिक्षा दिलेली नाही.

याच गटातील टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाची कथा कमी सांगितली जाते, वास्तविक ती अधिक बोलकी आहे. सप्टेंबर १९८५ मध्ये तेथील प्रशिक्षक जिम वॅकर यांना आपल्या काही खेळाडूंना जुन्या देणगीदारांकडून पैसे मिळत असल्याचे कळले. त्यांनी संघातील प्रमुख धावपटूसह अनेकांना तत्काळ निलंबित केले आणि संघटनेला स्वतःहून कळवले. प्रामाणिकपणाची दखल घेतली जाईल अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्या मोठ्या प्रमाणावर कापण्यात आल्या, हंगामोत्तर सामन्यांस बंदी झाली आणि दूरचित्रवाणीचे उत्पन्न परत करावे लागले. यातून इतर प्रशिक्षकांनी कोणता बोध घेतला असेल हे सांगण्याची आवश्यकता नाही.

नंतरची काही प्रकरणे

२००० साली टेनेसीतील मेम्फिस येथील अल्बर्ट मीन्स या बचावपटूच्या भरतीत गैरव्यवहार झाला आणि तो पुढे उघड झाला. त्याच्या शालेय प्रशिक्षकाने त्याला जणू लिलावात काढले होते. अलाबामा विद्यापीठाचे समर्थक लोगन यंग यांनी त्या प्रशिक्षकाला १,५०,००० डॉलर दिल्याचा आरोप होता. खेळाडूला पैसे देणे हा फौजदारी गुन्हा नव्हता. परंतु सरकारी शाळेचा शिक्षक हा लोकसेवक असल्याने त्याला दिलेला पैसा लाच ठरला आणि संघराज्य न्यायालयात खटला उभा राहिला. प्रशिक्षकाने गुन्हा कबूल केला, यंग यांना २००५ मध्ये ज्युरीने दोषी ठरवले. अलाबामा विद्यापीठावर २००२ मध्येच दोन वर्षांची हंगामोत्तर बंदी आणि २१ शिष्यवृत्त्यांची कपात झाली होती. मीन्स याने आपल्या गावच्या विद्यापीठात बदली घेतली.

केवळ संशयाच्या पातळीवर राहिलेले प्रकरण म्हणून कॅम न्यूटन यांचे उदाहरण दिले जाते. २०१० मध्ये ते ऑबर्न विद्यापीठाकडून खेळत असताना, त्यांच्या वडिलांनी मिसिसिपी स्टेट विद्यापीठाकडे एका मध्यस्थामार्फत १,८०,००० डॉलरपर्यंत रक्कम मागितल्याची बातमी आली. अशी मागणी झाली होती असा निष्कर्ष एनसीएएने काढला, मात्र न्यूटन यांना तिची कल्पना असल्याचा वा ऑबर्नने काही दिल्याचा पुरावा मिळाला नाही. १ डिसेंबर रोजी त्यांची पात्रता पूर्ववत झाली, ११ डिसेंबर रोजी त्यांना हाइझमन करंडक मिळाला आणि जानेवारी २०११ मध्ये त्यांच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. योगायोग असा की करंडक प्रदान सोहळ्याच्या पाठोपाठ ईएसपीएन वाहिनीने सदर्न मेथडिस्टच्या प्रकरणावरील 'पोनी एक्सेस' हा माहितीपट प्रथम दाखवला.

त्याच वर्षी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा माजी धावपटू रेगी बुश याने होतकरू दलालांकडून लाभ घेतल्याच्या निष्कर्षावरून विद्यापीठाला ३० शिष्यवृत्त्या गमवाव्या लागल्या आणि बुश याने आपला २००५ चा करंडक परत केला.

नियमांतील बदल

हौशीपणाच्या नियमाला खरा धक्का तपासांनी नव्हे तर न्यायालयांनी दिला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरचित्रवाणी हक्कांवरील एनसीएएची मक्तेदारी मोडली आणि विद्यापीठांचे उत्पन्न वाढत गेले. खेळाडूंवरील मर्यादा मात्र कायम राहिली. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने खेळाडूंना आपले नाव आणि छायाचित्र वापरू देऊन पैसे कमावण्याचा हक्क देणारा कायदा केला. २१ जून २०२१ रोजी 'एनसीएए विरुद्ध ऑल्स्टन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला. खटला शिक्षणाशी संबंधित लाभांपुरता मर्यादित होता, तथापि न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हानॉ यांनी स्वतंत्र मतपत्रात खेळाडूंना मोबदला न देण्याच्या संपूर्ण व्यवस्थेच्या कायदेशीरपणावर प्रश्नचिन्ह लावले. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना जाहिराती व प्रायोजन यांतून पैसे घेण्याची मुभा मिळाली.

देणगीदारांनी लगेच 'कलेक्टिव्ह' नावाचे निधी स्थापन केले. पूर्वी पाकिटातून जाणारा पैसा आता जाहिरातीच्या कराराच्या नावाने जाऊ लागला. नियम बदलत असतानाच जुन्या नियमांखालील शिक्षाही चालू राहिल्या. टेनेसी विद्यापीठाच्या माजी प्रशिक्षकाच्या कारकीर्दीत खेळाडूंना व त्यांच्या कुटुंबीयांना दिलेल्या सुमारे ६०,००० डॉलरच्या लाभांबद्दल जुलै २०२३ मध्ये विद्यापीठाला ८० लाख डॉलरहून अधिक दंड झाला. त्या वेळी देशातील आघाडीचे खेळाडू कायदेशीर रीतीने त्याच्या कित्येक पट कमावत होते. बुश याचा करंडक एप्रिल २०२४ मध्ये त्याला परत देण्यात आला.

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी 'हाउस' खटल्यातील तडजोडीस मान्यता दिली. तीनुसार माजी व विद्यमान खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर भरपाई मिळेल आणि प्रत्येक विद्यापीठ पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंमध्ये वाटू शकेल. बाहेरील ६०० डॉलरवरील करार तपासणीसाठी नोंदवावे लागतात. म्हणजे मर्यादा अजूनही आहे आणि ती ओलांडली जात असल्याचा संशय तडजोडीच्या पहिल्याच वर्षी व्यक्त होऊ लागला.

सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने २०२४ मध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या मोठ्या गटात प्रवेश मिळवला. त्यासाठी नऊ वर्षे गटाच्या दूरचित्रवाणी उत्पन्नातील वाटा न घेण्याचे त्याने मान्य केले. हा तोटा भरून काढण्यासाठी डॅलसमधील धनिक समर्थक पुढे आले, या खेपेस उघडपणे. डिसेंबर २०२४ मध्ये संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत पोचला, तेथे पेन स्टेट विद्यापीठाने त्याला ३८-१० असे हरवले.

भारतातील स्थितीशी तुलना

भारतीय विद्यापीठांतील स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघाच्या छत्राखाली होतात. नागपूर विद्यापीठासह बहुतेक विद्यापीठांचे संघ त्यांत उतरतात. या सामन्यांना तिकीटविक्री वा प्रक्षेपणाचे मोठे उत्पन्न नसल्याने महाविद्यालयांनी खेळाडूंवर बोली लावावी अशी स्थिती निर्माण झाली नाही. गुणवंत खेळाडूला शुल्कात सवलत, राखीव जागेवर प्रवेश आणि फार तर वसतिगृहाची सोय मिळते. रेल्वे, बँका, पोलीस दल आणि कापडगिरण्या यांनी खेळाडूंना नोकरी देऊन आपल्या संघांत घेण्याची प्रथा मात्र जुनी आहे. कागदोपत्री हौशी असलेल्या खेळाडूला पगार मिळवून देणारा हा मार्ग उघड होता, म्हणून त्यात लपवण्याजोगे काही नव्हते.

महाराष्ट्रात गैरव्यवहाराचा मोह निर्माण झाला तो खेळाडूच्या कौशल्याभोवती नव्हे, त्याच्या प्रमाणपत्राभोवती. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असून त्याविषयीची सुधारित नियमावली १ जुलै २०१६ च्या शासन निर्णयाने लागू झाली. या जागांसाठी बनावट क्रीडा प्रमाणपत्रे सादर केल्याची प्रकरणे नागपूरसह राज्याच्या अनेक भागांत पोलिसांपर्यंत गेली आहेत. अमेरिकेतील व्यवहारात खेळणारा मुलगा खरा आणि कागद खोटा असे. येथे पुष्कळदा मैदानावर कधीच न उतरलेल्या उमेदवाराच्या हाती प्रमाणपत्र असते आणि ती जागा प्रत्यक्ष खेळलेल्या एखाद्याच्या वाट्याची असते. त्यामुळेच प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी करून घेण्याची अट उमेदवारांना घालण्यात आली आहे.